विहीणबाईंची तब्येत आणि श्रीलंका

श्रीलंकेला जायचं होतं ते खरं म्हणजे मला आणि अश्विनीच्या बाबांना. अनुराधपूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी बघायचा, ही माझी लग्नाच्याही आधीची इच्छा. आधी मुलुंडचं घर, मग अश्विनीचं शिक्षण, मग तिचं लग्न असं करत ती मागे मागे पडत गेली. शाळेच्या ऑफिसातून मी रिटायर झाले तेव्हा आम्ही एकदाचे टूरचे पैसे भरले. आणि पैसे भरून झाल्यावर अश्विनीच्या बाबांनी बायपास करून घेतली. 'करून घेतली' असं मी म्हणते, कारण ते स्वतः ती गोष्ट अशीच सांगतात, जशी काही सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून आणली.

डॉक्टरांनी सांगितलं, इतक्यात विमान नाही. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं, इतक्यात पॉलिसी नाही. अश्विनीचे बाबा म्हणाले, तू जा. एवढ्या आनंदाने म्हणाले की मला थोडा संशयच आला. पण एकटीने जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेव्हा अश्विनीने फोनवर सुचवलं, बाबांच्या जागी आमच्या आईंना ने.

'आमच्या आई' म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, जयवंतीबाई. राहणार वेसावे गाव, अंधेरी. कोळ्यांच्या घरातल्या, मासळीचा धंदा तीन पिढ्यांचा. नवरा गेल्यावर त्यांनी बोटही चालवली आणि घरही. मुलगा नितेश चांगल्या कंपनीत लागला, तरी बाई अजून सकाळी बाजारात बसतात आणि वजनाला कोणाला हात लावू देत नाहीत. उंच, रुंद, आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाने वळून बघावं. मी मुलीची आई. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं 'नितेश बारीक झालाय' आणि 'अश्विनी फार काम करते' यापलीकडे गेलं नव्हतं. अशा बाईबरोबर एका खोलीत आठवडाभर राहायचं म्हणजे मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. त्यांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. नितेशला विचारून सांगते म्हणाल्या. आयुष्यात नितेशला काही विचारल्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग.

घाटकोपर

आमचा प्रवास घाटकोपरला सुरू झाला, एका जिन्यावर. वर मेहताभाईंचं ऑफिस होतं, तिथे आम्हा दोघींचा प्रवासाचा विमा काढायचा होता. विहीणबाई वर्सोव्याहून मेट्रोने आल्या, मी मुलुंडहून बसने. मेहताभाई पन्नाशीचे, शांत, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला 'काय आहे ना' लावणारे. त्यांनी आम्हाला चहा दिला, माझा बिनसाखरेचा, आणि समजावलं. काय आहे ना, म्हातारपणी आजार असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा गुन्हा आहे. आधीपासूनचे आजार सांगा, कंपनी थोडे पैसे जास्त घेईल, काही गोष्टींना नाही म्हणेल, पण तिकडे जिवावर बेतलं तर पाठीशी उभी राहील. लपवलंत आणि तिकडे पडलात, तर कंपनी हात वर करेल आणि बिल घरच्यांच्या गळ्यात. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठ्या बरोबर घ्या, काही झालं तर आधी कंपनीला फोन.

मग कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. ते प्रश्न विचारणार, आपण उत्तरं द्यायची. मेहताभाईंनी माझ्यासाठी फोन स्पीकरवर लावला. मी सांगितलं: मधुमेह, ब्लडप्रेशर, थायरॉइड, आणि हृदयात एक स्टेंट. मग डॉक्टरांनी पोट कसं साफ होतं ते विचारलं, रात्री लघवीला किती वेळा उठता ते विचारलं. समोर विहीणबाई बसलेल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं. उत्तरं संपली तेव्हा त्या माझ्याकडे बाजारातल्या उरलेल्या मासळीकडे बघावं तशा बघत होत्या.

"एवढं सगळं घेऊन तुम्ही चालता कशा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हळूहळू.

"मना काय नाय," त्या म्हणाल्या. "माझी आई नव्वदीला गेली, तवा पण दात सगले होते."

त्यांचा फोन आला तेव्हा पंख्याचा आवाज होतो म्हणून त्या तो घेऊन बाहेर जिन्यावर गेल्या आणि दार ओढून घेतलं. बऱ्याच वेळाने आल्या. काहीच नसलेल्या बाईला एवढा वेळ कशाला लागला, असं मला वाटून गेलं. मग म्हटलं, त्या डॉक्टरला पापलेट कसं निवडायचं ते सांगत असतील.

कोलंबो आणि पुढे

श्रीलंकेत उतरलं की पहिला शब्द कानावर पडतो 'आयुबोवन'. हात जोडून, किंचित वाकून म्हणतात. अर्थ विचारला तर आमचा टूर मॅनेजर प्रसाद म्हणाला, दीर्घायुषी व्हा. आपल्याकडे असा आशीर्वाद वडीलधारी देतात, तोही पाया पडल्यावर. इथे हॉटेलचा दरवान, इमिग्रेशनची बाई, बसचा ड्रायव्हर, सगळे येता-जाता देतात. मला फार बरं वाटलं. विहीणबाईंनी मात्र दरवानाला विचारलं, माझ्याकडे बघून म्हणतोस की हिच्याकडे बघून. तो गोड हसला, त्याला काही कळलं नव्हतं.

देश हिरवा, आपल्या कोकणासारखा, पण आंघोळ घालून बसवलेला. रस्त्याच्या कडेला कचरा नाही. माणसं हळू बोलतात. लाल सरकारी बसगाड्या मात्र अशा धावतात की आमच्या बसमधल्या बायका डोळे मिटून घेत. वाटेत एका ठिकाणी आम्ही तांबड्या रंगाची शहाळी प्यायलो. मी अर्धंच प्यायले. विहीणबाईंनी दोन प्यायली आणि माझ्या उरलेल्या अर्ध्याकडे बघून मान हलवली.

हे तेव्हापासून सुरू झालं. दांबुल्लाच्या हॉटेलात जेवणाचं टेबल म्हणजे लग्नघर होतं. तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, आमच्या रत्नागिरीकडे शिरवळ्या करतात तशाच, त्याबरोबर नारळाची लालभडक चटणी आणि पिवळी आमटी. ती चटणी खाऊन विहीणबाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, हिच्यात सुकी मासळी कुटून घातलीय. विचारलं तर खरंच होतं. त्या दिवसापासून स्वयंपाकी त्यांना वाकून आयुबोवन म्हणू लागला. आणि गोडात गूळ-नारळाच्या दुधाचं एक थलथलीत काहीतरी, वटलप्पम. मी पपई घेऊन बसले होते. विहीणबाईंनी दोन वाट्या वटलप्पम माझ्यासमोर बसून संपवलं, चमचा चाटला आणि म्हणाल्या, देवाने पोट दिलंय तर खावं.

खोलीत आमचं बरं चाललं होतं. त्या माझ्या उशीशी ओळीने ठेवलेल्या गोळ्यांकडे बघत आणि रोज विचारत, आता ही कशाची. त्यांच्याकडे फक्त एक निळी कापडी पिशवी होती. ती घेऊन त्या सकाळ-संध्याकाळ बाथरूममध्ये जात. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं की मशेरी लावते, माझी सवय हाय, तुम्ही नाक मुरडू नका. मी नाक मुरडलं नाही. एवढंच वाटलं की मशेरीचा वास कसा येत नाही. पण मुलीच्या सासूच्या तोंडाचा वास घेणं काही बरं दिसत नाही.

सिगिरियाचा उंच खडक आम्ही दोघींनी खालूनच बघितला. माझ्या स्टेंटला चढाई नको होती. त्या मला सोबत म्हणून खाली थांबल्या, असं त्यांनी ग्रुपमधल्या सगळ्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं.

अनुराधपूर

ज्या दिवसासाठी मी आले होते तो उजाडला. मी पांढरी साडी नेसले. त्या दिवशी बस लवकर निघणार होती. विहीणबाईंनी नाश्त्याला फक्त काळा चहा घेतला. रात्रीचं जड झालंय म्हणाल्या, आणि होणारच होतं, कारण आदल्या रात्री त्यांनी वटलप्पमच्या तीन वाट्या संपवल्या होत्या. मशेरीला मात्र त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ गेल्या.

बोधिवृक्षाकडे जाताना चपला आधीच काढाव्या लागतात. पायाखाली उन्हाने तापलेली वाळू. सगळीकडे पांढरे कपडे घातलेली माणसं, हातात कमळं, आणि एवढी गर्दी असून कोणी कोणाला ढकलत नव्हतं. दोन हजार वर्षांहून जुनं झाड माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. माझे डोळे भरून आले होते. मी कमळं घेत होते आणि मागून मला विहीणबाईंचा आवाज आला. त्या फुलवालीशी भांडत होत्या. भाव जास्त लावते म्हणून. मराठीत. फुलवालीने भाव सांगितलाच नव्हता.

मी वळून बघितलं तर त्यांचा चेहरा घामाने निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. बाजूने एक वृद्ध भिक्खू चालले होते, त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या की आज बोंबील संपलेत, उद्या या. आणि वाळूत खाली बसल्या.

हा चेहरा मी ओळखते. दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या भाजी मार्केटमध्ये मी अशीच बसले होते आणि भाजीवाल्याला ऑफिसातली फाइल मागत होते. साखर उतरली की असं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "तुम्ही शुगरची गोळी घेता का?"

"कसली गोळी," त्या म्हणाल्या. "मना काय नाय."

माझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात, मधुमेह असलेल्या बाईच्या असायलाच हव्यात. मी एक सोलून त्यांच्या तोंडाशी नेली तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं. मुलीच्या सासूचं नाक दाबून तोंड उघडायची वेळ कोणावर येऊ नये. माझ्यावर आली. फुलवालीने हे बघितलं आणि धावत जाऊन चहा आणला, बरोबर गुळाचा मोठा खडा. इथे चहा असाच पितात, गूळ तोंडात धरून. तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही त्यांच्या तोंडात गूळ घातला. थोडं भान आलं तसं त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. पण पुन्हा मान टाकली तेव्हा प्रसादने गाडी बोलावली.

गाडीत बसताना मी मागे बघितलं. सोनेरी कठड्यापलीकडे झाडाच्या फांद्या दिसत होत्या. हातातली कमळं मी फुलवालीकडेच ठेवून आले.

गावातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं. डॉक्टर वयस्कर होते, इंग्रजी हळू आणि स्वच्छ बोलत. म्हणाले, साखर फारच खाली गेली होती, तुम्ही गूळ दिलात हे चांगलं केलंत, पण काही गोळ्यांचा असर लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, रात्रभर ठेवावं लागेल. कोणत्या गोळ्या घेतात? मी म्हटलं, कोणत्याच नाही, यांना काही नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग मी त्यांच्या पर्समधली ती निळी पिशवी उघडली. आत मशेरी नव्हती. मधुमेहाची गोळी होती, ब्लडप्रेशरची होती, कोलेस्टेरॉलची होती. थायरॉइड सोडला तर माझंच सगळं कपाट.

मी घाबरले ते निराळ्याच कारणाने. जी बाई मला सांगत नाही ती कंपनीला काय सांगणार? मेहताभाईंचा 'हात वर करेल' आठवला. नितेश नुकताच घराचं कर्ज काढून बसला होता. परदेशातला दवाखाना, रात्रभर, आणि मी त्याच्या आईला घेऊन आलेली बाई.

प्रसादने कंपनीच्या नंबरला फोन लावला होता. तिकडून सांगितलं की केस बघतो, आधी पेशंटने दिलेल्या जवळच्या माणसाच्या नंबरवर बोलतो. आम्ही वाट बघत बसलो. थोड्या वेळाने विहीणबाईंच्या पर्समधला त्यांचाच मोबाइल वाजायला लागला. मी उचलला. पलीकडून एक मुलगी हिंदीत म्हणाली की मी इन्शुरन्सकडून बोलतेय, तुमच्या नातेवाईक श्रीलंकेत दवाखान्यात आहेत, घाबरू नका. बाईंनी अडचणीत बोलवायचा नंबर म्हणून स्वतःचाच दिला होता.

मी तिला म्हटलं, मी घाबरले आहेच, मी त्यांच्या शेजारीच बसले आहे. तिने नातं विचारलं. मी म्हटलं, विहीण. तिला कळेना. हिंदीत सांगितलं, समधन. तर म्हणाली यादीत तसं नाही. मग मुलीची सासू, माझ्या जावयाची आई, असं मी तिला दोन-तीन बाजूंनी समजावलं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, मॅडम, सिस्टर लिहू का? मी म्हटलं लिही. पूर्वीचे आजार सांगितलेत की नाही ते बघून परत फोन करते म्हणाली.

ग्रुपला कँडीला जायचं होतं. प्रसादने विचारलं, तुम्ही येता की थांबता. मी थांबले. बस गेली.

संध्याकाळी विहीणबाईंना नीट जाग आली. त्यांनी आधी सलाईन बघितलं, मग खुर्चीवर माझ्या मांडीवरची निळी पिशवी बघितली, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. मी म्हटलं, झोपेचं सोंग नका घेऊ. रात्री तीन वाट्या खाल्ल्यात म्हणून सकाळी दोन गोळ्या घेतल्यात ना?

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. म्हणजे घेतल्या होत्या.

"नितेशला माहीत आहे?"

मान नकारार्थी हलली.

"आणि कंपनीला? त्या जिन्यावर काय सांगितलंत तुम्ही?"

आता त्यांनी डोळे उघडले. खऱ्याच दुखावल्या होत्या. "कंपनीला सगलं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं शुगर हाय, ती पण सांगितली. पैसे भरून खोटं कोण बोलतंय? तुम्हालाच नव्हतं सांगितलं."

मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले आणि मला थांबवता येईना. नर्स धावत आली. तिला वाटलं आता हिलाही काहीतरी झालं. तेवढ्यात त्या मुलीचा परत फोन आला की सगळं नोंदवलेलं आहे, हे जिवावरचं होतं, दवाखान्याशी आम्ही बोलतो, सिस्टरची काळजी घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सोडलं. गोळी कमी करून दिली आणि गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, एवढं माझ्याकडून वदवून घेतलं. प्रसादने कँडीला न्यायला गाडी पाठवली होती. मी ड्रायव्हरला निघूया म्हणाले, तर विहीणबाईंनी त्याला हाताने झाडाचा आकार काढून दाखवला. मी म्हटलं, तुम्हाला ऊन सोसणार नाही. त्या म्हणाल्या, तुमची पांढरी साडी चुरगळून गेलीय, ती कशासाठी नेसलीत मना माहीत नाय असं समजू नका.

ती फुलवाली तिथेच होती. तिने आम्हाला बघून दोन्ही हात वर केले, कमळं दिली आणि पैसे घेतले नाहीत. झाडाखालच्या चौथऱ्यावर आम्ही बसलो. पानं हलत होती. जुन्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत, म्हाताऱ्या माणसाला दोन्हीकडून धरावं तसे. माझे वडील गावाहून मुंबईत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत याच झाडाचं एक चित्र होतं.

विहीणबाईंनी हळूच विचारलं, इथे काय मागायचं असतं. मी सांगितलं, आमच्यात मागत नाहीत. नुसतं बसायचं, मन शांत करायचं.

"मागायचं नाय तर एवढ्या लांब कशाला आलो?" त्या म्हणाल्या. पण बसल्या. माझ्यापेक्षा जास्त वेळ बसल्या.

उठताना त्यांनी आपणहून सांगितलं. नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं आणि ते गावात कळलं, तेव्हापासून बोटीतले भागीदार त्याच्याशी बोलेनासे झाले. वाईट माणसं नव्हती, पण हिशेब दुसऱ्याशी करायला लागली, सल्ला दुसऱ्याचा घ्यायला लागली. माणूस चार वर्षं जगला, पण त्याला कोणी काही विचारलं नाही. "मासळी कालची हाय असं एकदा गिऱ्हाइकाला कळलं ना, मग ती कितीपण चांगली असू दे, भाव पडला तो पडला," त्या म्हणाल्या. "मना तसं बसायचं नव्हतं. आणि तुझ्यासमोर तर अजिबात नाय. तू मुलीची आई."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांना कळलं नाही. मी पण लक्षात आणून दिलं नाही.

कँडी

कँडीत दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं, मंदिर आहे, तळं आहे, गार हवा आहे. पण आमच्या लक्षात कँडी राहिलं ते रात्रीच्या जेवणासाठी. विहीणबाई टेबलावर बसल्या, निळी पिशवी मधोमध ठेवली आणि माझ्या डबीशेजारी आपल्या गोळ्या मांडल्या. मग मोठ्याने मला विचारलं, तुझी जेवणाआधीची कुठली गं.

सगळे आमच्या गोळ्यांकडे बघायला लागले. मग बोरिवलीचे एक गृहस्थ, जे रोज पहाटे चालायला जाऊन आम्हाला आळशी म्हणत, त्यांनी खिशातून दम्याचा पंप काढला. त्यांच्या बायकोने कमरेच्या पट्ट्याचं सांगितलं. एका बाईंना पेसमेकर निघाला. हळूहळू अख्खी बस आजारी निघाली. वाईट एवढंच की यातल्या निम्म्या लोकांनी विमा काढताना तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. विहीणबाईंनी त्यांना काय झालं असतं ते सविस्तर सांगितलं, माझ्या मेहताभाईंच्या आवाजात, 'काय आहे ना' सकट. तिघांनी जेवण सोडून आपापल्या एजंटला फोन लावले. निघाल्यावर आता काही बदलत नाही असं प्रत्येकाला उत्तर मिळालं. पुढचे दिवस तो सगळा ग्रुप पायऱ्या अशा उतरत होता की जशा काही काचेच्या आहेत. प्रसाद मला म्हणाला, काकू, इतकी शिस्तीची टूर मी आजवर केली नव्हती.

त्या रात्री वटलप्पम होतं. आम्ही दोघींनी एक वाटी घेतली, दोन चमचे.

निगोंबो

शेवटची सकाळ निगोंबोला. हे कोळ्यांचं गाव, विमानतळाच्या जवळ. किनाऱ्यावर दूरवर सुतळीच्या जाळ्या अंथरलेल्या आणि त्यावर मासळी वाळत घातलेली. वास आला आणि विहीणबाईंची पाठ ताठ झाली. आठवडाभर त्या पाहुण्या होत्या, आता घरी आल्या. चपला हातात घेऊन सरळ आत शिरल्या. एका बाईजवळ उकिडव्या बसल्या, तिची मासळी उलटून बघितली, मिठाला बोट लावून चाखलं आणि पसंतीची मान हलवली. त्या बाईची आणि यांची एकही भाषा सारखी नव्हती. तरी बराच वेळ दोघी बोलत होत्या. ही म्हणे सुरमई, ती म्हणे तोरा. एकमेकींच्या हातातल्या बांगड्या बघितल्या, हाताच्या भेगा बघितल्या.

मग विहीणबाईंनी घड्याळ बघितलं, पिशवीतून बिस्किटं काढली, आणि तिला देत स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, शुगर.

त्या बाईने क्षणभर बघितलं. "सीनी?" तिने विचारलं, आणि ब्लाउजमध्ये हात घालून चुरगळलेली गोळ्यांची पट्टी काढली. दोघींनी पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. रंग वेगळा होता. मग दोघी ज्या काही हसल्या, त्यावर किनाऱ्यावरचे कावळे उडाले.

सहार

मुंबईच्या विमानतळावर नितेश गाडी घेऊन आला होता. त्याने ट्रॉली घेतली आणि मला विचारलं, आईने त्रास नाही ना दिला. मी विहीणबाईंकडे बघितलं. हे मी सांगायचं नव्हतं.

पार्किंगमध्ये तो बॅगा डिकीत ठेवत होता तेव्हा त्या म्हणाल्या, "नितेश, मना शुगर हाय."

त्याने बॅग खाली ठेवली. कधीपासून, असं विचारलं. त्यांनी सांगितलं. अनुराधपूरचंही सांगितलं, भिक्खूंना बोंबील विकायला काढले होते तेही. तो हसला नाही. म्हणाला, कोणाकोणाला माहीत आहे हे?

विहीणबाईंनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं. गावाबाहेरचा एक डॉक्टर, मेहताभाई, कंपनी, कंपनीचा डॉक्टर, फोनवरची ती मुलगी, तिकडचा दवाखाना, सुमन, म्हणजे मी, टूरची सगळी बस, आणि निगोंबोची एक बाई, तिचं नाव त्यांना म्हणता येत नव्हतं.

"आणि मग मी," नितेश म्हणाला.

"आणि मग तू."

तो इतका दुखावला होता की मला त्याच्याकडे बघवेना. मग त्याने मुलगे अशा वेळी म्हणतात तेच म्हटलं. उद्यापासून बाजार बंद. घरात बसायचं, मी आहे, अश्विनी आहे, काय कमी आहे.

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, आणि मला वाटतं तेव्हाच तो घाबरला.

"ज्या कंपनीने मना कधी बघितलं पण नाय," त्या म्हणाल्या, "तिने माझं सगलं ऐकून घेतलं आणि समुद्रापलीकडं पाठवलं. आणि तू माझा मुलगा असून मना बाजारापर्यंत जायला नाय सांगतंस?"

मागे एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिला नितेशने हाताने थांब म्हटलं. मग खाली ठेवलेली बॅग उचलून डिकीत ठेवली, डिकी लावली, आईसाठी पुढचं दार उघडलं, आणि म्हणाला, "खाल्लंयस का काही?"